चार डझन आकड्यांची किल्ली

गुहागरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे आसपास कोणाचाही लॅपटॉप रुसला की तो माझ्याच टेबलावर येऊन पडतो. पुण्या-मुंबईची पोरं सुट्टीत आली की सांगतात, मशीन माझं, पैसे माझे, मग त्यावर काय टाकायचं ते कंपनी कोण ठरवणार? बरोबर आहे. पण त्यांनी आमच्या बाबांचा जुना पीसी बघायला हवा होता.

बाबा रिटायर्ड मास्तर. हिरवं डाउनलोड बटण दिसलं की क्लिक करणार म्हणजे करणारच! एकदा तर फोनवरचा कोणीतरी गोडबोल्या सांगतोय म्हणून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकून बसलेले, नशीब तेवढ्यात लाइट गेली. (लाइट गेल्याचा आनंद झालेला आयुष्यातला एकमेव दिवस.) मग त्यांना क्रोमबुक, म्हणजे गूगलची सिस्टीम असलेला लॅपटॉप, आणून दिलं. बाहेरची ईएक्सई फाइल (विंडोजचा प्रोग्रॅम) त्यावर चालतच नाही, आणि सुरू होताना सिस्टीम स्वतःला तपासून घेते. दोन वर्षं झाली, मला एकदाही हाक नाही. फक्त घेताना एक बघा, 2021 पासूनच्या मॉडेलना 10 वर्षं अपडेट आहेत खरी, पण ती त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म, म्हणजे आतल्या हार्डवेअरचा साचा, बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमधला जुना माल घ्याल तर त्यातली निम्मी आधीच संपलेली असतील.

दुकानात मात्र हे चालणार नाही. डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन, त्याचा ड्रायव्हर, वर सही करायची वेगळी युटिलिटी, जुना प्रिंटर, गिऱ्हाइकांची श्री-लिपीत टाइप केलेली जुनी पत्रं, एवढं लटांबर आहे माझं. विंडोजच्या एस मोडमध्ये फक्त स्टोअरमधली ॲप चालतात, म्हणजे यातलं बरंचसं दारातच अडणार. पण त्यातून फुकट बाहेर पडता येतं, फक्त परत आत जाता येत नाही. मला हा सौदा पटतो. आमच्या जुन्या घरांच्या दाराला आतून आगळ असायची, चांगली मनगटाएवढी जाड, पण ती घालणारा आणि काढणारा घरातलाच.

आत्याच्या बाबतीत तसं झालं नाही.

ती वेळणेश्वरला असते, बाग तीच बघते. कुठल्या कलमाला किती पेट्या, फवारणी कधी, मजुरी किती, असा 6 वर्षांचा हिशोब लॅपटॉपवर एक्सेलमध्ये. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली, लॅपटॉप चार्जिंगला होता, त्याचा मदरबोर्ड गेला. बोर्ड बदलून आणला, डिस्क ठणठणीत, आणि चालू केला तर निळी स्क्रीन, रिकव्हरी की टाका, म्हणजे डिस्कचं कुलूप उघडायची आकड्यांची किल्ली. आता यात सिस्टीमचं काही चुकलेलं नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच नवीन लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला कुलूप लागतं, किल्ली त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते, आणि बोर्ड बदलला की सिस्टीमला संशय येतो आणि ती किल्ली मागते. लॅपटॉप चोरीला गेला असता तर हेच तिला वाचवणारं होतं. पण अकाउंट कोणाचं? विंडोज 11 होम सुरुवातीलाच नेट आणि अकाउंट मागतं, तर विकणाऱ्या दुकानातल्या पोराने घाईत स्वतःचाच ईमेल टाकून दिलेला. तो पोरगा काम सोडून मुंबईला, नंबर बंद, दुकानवाले म्हणतात आम्हाला माहीत नाही. गेला हिशोब. आणि खरं सांगायचं तर 2 वर्षं मीही तो लॅपटॉप हाताळत होतो आणि अकाउंट कोणाचं हे एकदाही बघितलं नाही.

म्हणून त्या पोरांशी माझं भांडण वेगळं आहे. कुलूप असू दे हो, बाबांसारख्यांना हवंच आहे, पण ते लागलंय हे मालकाला सांगा तरी, मराठीत, मोठ्या अक्षरात!

परवा आत्याचा नवीन लॅपटॉप पडवीत बसून मीच सेट केला. तिचा मोबाईल, तिचा ओटीपी, तिचं अकाउंट. मग अकाउंटमधली ती किल्ली उघडली, सहा सहा आकड्यांचे आठ गट, मी वाचत गेलो आणि ती बागेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत गेली, प्रत्येक गट दोनदा म्हणून. लिहून झाल्यावर चष्मा वर करून विचारते, एकूण किती झाले? म्हटलं 48.

"म्हणजे चार डझनाची पेटी झाली की रे ही."