आधी शुगर, मग मोतीचे जेवण

"घरात एवढे आजारपण असताना त्यात कुत्रे कशाला?" हा प्रश्न आम्हाला मोतीला आणले तेव्हा अनेकांनी विचारला. माझ्या मुलीला आठव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला आणि तेव्हापासून बोट टोच, आकडा सांग, इन्सुलिन घेतलेस का, डबा संपवलास का, एवढेच आमचे तिच्याशी बोलणे उरले होते. सगळ्यांनी तिच्याकडे लक्ष द्यायचे आणि तिने फक्त ऐकायचे, ही वाटणी मोती आल्यावर प्रथमच मोडली, कारण आता तिच्यावर अवलंबून असणारे कुणीतरी घरात होते.

अमेरिकेतील टेक्सासमध्ये झालेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. त्यात टाइप १ मधुमेह असलेल्या काही मुलांना मासा पाळायला दिला आणि त्याला सकाळ-संध्याकाळ खाणे घालण्याच्या वेळेशी स्वतःची शुगर तपासणे जोडून दिले. तीन महिन्यांनी त्यांचे एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली शुगर साधारण किती होती हे दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) सरासरी ०.५ टक्क्याने उतरले होते, तर मासा नसलेल्या मुलांचे ०.८ टक्क्याने चढले होते. मुले अवघी २८ होती, त्यामुळे यावरून मोठा दावा करू नये. पण आम्ही तीच सवय मोतीच्या जेवणाला जोडली आणि तपासणीवरून होणारी रोजची वादावादी खूपच कमी झाली.

मात्र मोती रात्री शुगर उतरल्याचे ओळखून आम्हाला उठवेल, या भरवशावर मी कधीही झोपणार नाही. ब्रिटनमध्ये खास प्रशिक्षण दिलेल्या कुत्र्यांनाही असे सर्व प्रसंग ओळखता आलेले नाहीत, आणि कुत्र्याकुत्र्यांत फरक मोठा होता. उलट त्याच्याबरोबर संध्याकाळी मनसोक्त धावल्यावर शुगर काही तासांनी, अगदी झोपेतही उतरू शकते. म्हणून निघण्यापूर्वी तपासणी आणि खिशात ग्लुकोज हा आमचा नियम आहे.

एक गोष्ट मात्र आम्ही कटाक्षाने पाळतो. तिने शुगर तपासली नाही म्हणून मोतीला कधी उपाशी ठेवले जात नाही, आणि ती आजारी असेल त्या दिवशी त्याची भांडी मी किंवा तिचे बाबा, तिला काहीही न बोलता भरतो.