गाडी स्क्रीनवर आहे ना, मग झालं

नागपुरात पार्सल हबचा यार्ड कंट्रोलर, म्हणजे आवारातल्या ट्रकांची ये-जा सांभाळणारा, व्हायचंच असेल, तर रुजू झाल्यावर पहिलं काम एकच: खुर्ची कूलरसमोर लावून घेणे. उत्तर-दक्षिण 44 नंबरचा आणि पूर्व-पश्चिम 53 नंबरचा हायवे इथंच एकमेकांना छेदतात, त्यात 701 किलोमीटरचा समृद्धीही येऊन मिळाला आहे. बंगळुरू, दिल्ली, रायपूर आणि भिवंडीच्या गाड्या एकाच तासात गेटवर हजर होणार हे ठरलेलंच आहे. ठरलेल्या गोष्टीची तयारी कशाला करायची?

गेटवर गाडीच्या मागच्या दाराला सील 'आहे' एवढंच पाहावं. त्यावरचा नंबर गाडीसोबतच्या कागदाशी, म्हणजे ट्रिपशीटशी, अंकन् अंक ताडून बघणं, सील हाताने ओढून पाहणं, वाकून बिजागऱ्यांचे रिवेट तपासणं ही संशयी माणसाची लक्षणं. रिवेट कापून अख्खं दार उतरवता येतं, माल काढून नवे रिवेट ठोकता येतात आणि सील जागच्या जागी राहतं, हे खरं आहे. पण ताज्या रिवेटवर मारलेला काळा रंग बोटाला लागतो, आणि तुमचा शर्ट पांढरा आहे.

डॉक, म्हणजे माल चढवा-उतरवायचा फलाट, देताना रेशन दुकानाचा न्याय लावावा: जो आधी आला त्याला आधी. भिवंडीच्या गाडीतला निम्मा माल रात्री नऊच्या रायपूरला जोडायचा असेना का, गेटवर ती सहावी आहे ना? मग नऊची रायपूर अर्धी रिकामी निघते. हवेचं भाडं मालक भरतो.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणून यार्डातली वाहतूक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवावी, म्हणजे रिव्हर्स घेताना गाडीची शेपूट त्याला स्वतःच्या खिडकीतून दिसते, असं जाणकार सांगतात. तुम्ही उलटी फिरवा. बत्तीस फुटी गाडी आंधळ्या बाजूने डॉकला लावताना क्लीनर मागून "आन दे, आन दे" ओरडतो आणि रबराच्या बंपरऐवजी भिंतीचा कोपरा उडतो, तेव्हाच तर यार्डात काही काम चाललंय असं वाटतं. एअर लाइन गळणारी गाडी मात्र आठवणीने रस्त्याच्या तोंडाशी उभी करा. तासाभरात टाकीतली हवा उतरते, स्प्रिंग ब्रेक आपोआप बसतो आणि चाकं जाम होतात. इंजिन चालू ठेवून प्रेशर परत भरेपर्यंत मागच्या सहा गाड्यांचे ड्रायव्हर तुमच्या कुळाचा उद्धार करतात. तुम्हाला ऐकू जात नाही, कूलरचा आवाज मोठा असतो.

गाडी डॉकला लागली की चाकाला गुटका लावून चावी बोर्डावर टांगायची असते. चावी जरूर घ्या. ती इग्निशनची आहे की डिझेल टाकीच्या झाकणाची, या खोलात शिरू नका. लोडर पॅलेट ट्रक, म्हणजे मालाची हातगाडी, घेऊन लेव्हलरवर, म्हणजे डॉक आणि गाडी जोडणाऱ्या पत्र्यावर, असतो, चाकं अर्धी आत, अर्धी बाहेर. कुणीतरी "झालं" म्हटल्यासारखं ड्रायव्हरला वाटतं आणि गाडी दोन फूट पुढे सरकते. मधे चार फूट खोल पोकळी तयार होते. कोण पडला ते चौकशीत कळतंच, आणि चौकशीत बोर्डावर चावी लटकलेलीच असते.

मे महिन्याबद्दल थोडं सविस्तर. पारा 46 वर गेला की केबिनमध्ये बसवत नाही, डांबर चपलेला चिकटतं आणि अख्ख्या यार्डात सावली उरते ती फक्त गाड्यांच्या पोटाखाली. दुपारी दोनला मागच्या टायरांमधून दोन अनवाणी तळवे बाहेर आलेले दिसतील. शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाण्याची बाटली. म्हणून गाडी हलवण्याआधी खाली वाकून बघायचं, हॉर्न द्यायचा, परत बघायचं. पत्र्याची एक शेड, चार बाजा आणि एक माठ ठेवला तर वाकावंही लागत नाही. पण शेडला बजेट लागतं, आणि वॉकीटॉकीवर "काढ बे, काढ" म्हणायला काहीच लागत नाही.

ई-वे बिलाचं, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या वाहतूक परवान्याचं, टेन्शन तर मुळीच घेऊ नका. मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे 800 किलोमीटरच्या बिलाला चार दिवस. त्यातला एखादा दिवस गाडी तुमच्या यार्डात आराम करते. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून मिळते. नववा तास हा तुमच्या रिलिव्हरचा, म्हणजे पुढच्या शिफ्टवाल्याचा. माल दुसऱ्या गाडीत भरला तर बिलाच्या पार्ट बी मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकावा लागतो. तिथं एमएच 40 च्या जागी एमएच 49 पडलं तरी दोन्ही नागपूरचेच. आपल्याच गावात कसला परकेपणा!

राहता राहिली यार्ड फेरी. शिफ्ट सुरू होताना हातात पॅड घेऊन एकेका जागेवरची गाडी, तिचा नंबर, भरलेली की रिकामी, हे दार ठोकून बघायचं आणि स्क्रीनशी जुळवायचं. चाळीस गाड्यांना अर्धा तास जातो. तेवढ्यात तर्री पोहे होतात! स्क्रीनवर 'रिकामी' लिहिलंय म्हणजे रिकामीच. मग कोकणातून आलेल्या हापूसच्या पेट्या भरलेली गाडी रिकाम्यांच्या रांगेत, भिंतीला लागून, बंद डब्यात, मेच्या उन्हात उभी राहते. ट्रॅकिंगवर ती 'हबमध्ये पोहोचली' असं दिसतं, आणि ते खोटंही नसतं. पहिल्या दिवशी ग्राहकाचा फोन येतो, दुसऱ्या दिवशी मुंबई ऑफिसचा. तिसऱ्या दिवशी रिलिव्हर दारातच थबकतो आणि नाक वर करून विचारतो, "भाऊ, आंब्याचा वास कुठून येऊन राहिला?"

"बाजूच्या धाब्यावर आमरस असंल," म्हणायचं, हँडओव्हरवर 'सर्व ओके' लिहायचं आणि हेल्मेट उचलायचं.