घरी कोणी जेंट्स आहेत का?

आज सकाळी सर्व्हिस सेंटरमधून फोन. "मॅडम, गाडीचं काय ठरलं? घरी कोणी जेंट्स असतील तर त्यांच्याकडे द्या ना फोन, जरा टेक्निकल आहे."

आमच्या घरचे जेंट्स तेव्हा ओट्यावर बसून लसूण सोलत होते. लुना आणि सायकल यापलीकडे त्यांनी आयुष्यात काही चालवलेलं नाही आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नाही. तरी दिला फोन. ह्यांनी दोन मिनिटं "हो का, हो का" केलं आणि म्हणाले, "थांबा, गाडीचं हिलाच कळतं," आणि परत माझ्या हातात!

मग त्या पोराने जे टेक्निकल सांगितलं ते असं: गिअरबॉक्स गेला. नवा टाकायचा तर अडीच लाख. गाडी विकली तर दीडसुद्धा येणार नाहीत. म्हणून एक्स्चेंजला द्या, बोनस महिनाअखेरपर्यंतच आहे. यात टेक्निकल काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. आणि गाडी मागच्याच आठवड्यात मी त्यांच्या आवारातून उचलून नेली आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता.

मी तापलेली आहे, त्यामुळे लांबण लागणार. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझी गाडी २०१० ची, पेट्रोल, चार गिअरची ऑटोमॅटिक. शाळेच्या जिन्यावरून पडले, डावा गुडघा गेला, ऑपरेशन झालं. त्यानंतर क्लच दाबणं म्हणजे शिक्षाच. ऑटोमॅटिकला डाव्या पायाला कामच नाही, म्हणून ही सेकंडहँड घेतली. हौस नव्हती. पण आपल्याकडे बाई ऑटोमॅटिक चालवते म्हटलं की लोकांना वाटतं, हिला गिअर टाकता येत नसतील. अहो, मी जीप चालवलेली आहे, हँडल मारून सुरू करायची ती!

आता आखाजीची, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेची गोष्ट. नातेवाइकांना तोंडपाठ झाली आहे, पण पुन्हा ऐका.

आखाजीला माहेरी जायचं म्हणजे जायचंच, वय साठीकडे झुकलं म्हणून काय झालं. आई आहे तोवर पारोळ्याला झोका माझ्यासाठीसुद्धा बांधला जातो. जळगावहून ऊन वर यायच्या आत निघायचं ठरलं होतं, निघाले अकराला. एरंडोल ओलांडलं आणि गाडी विचित्र वागायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर जातो, गाडी मात्र ओढत नाही. इंजिनच्या तापमानाचा काटाही नेहमीपेक्षा दोन रेघा वर. मग डी चा (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायचा गिअर) दिवा मिचमिचायला लागला आणि करपट वास आला. बाजूला घेतली. आर (रिव्हर्स) मध्ये टाकून पाहिलं, डी मध्ये टाकून पाहिलं, गाडी जागची हलेना. इंजिन मात्र मजेत चालू.

पाच मिनिटांत ट्रॅक्टर थांबला. आपल्याकडे थांबतातच, हे खानदेशचं मला फार आवडतं. तीन पोरं उतरली. "काय व्हयनं ताई?" मी सांगितलं. लगेच दोर काढला. "दोर बांधी देतस, पाच मिनिटमा एरंडोल."

मी नको म्हटलं. पोरांचे चेहरे पडले. त्यांना वाटलं, बाईला ट्रॅक्टरमागे जायची लाज वाटते. कसं समजावणार? ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून टोचन केलं की पुढची चाकं फिरतात, चाकांबरोबर गिअरबॉक्सचे आतले भाग फिरतात, आणि पंप मात्र बंद. म्हणजे सगळं कोरडं घासणार. जे थोडंफार वाचलं असेल तेही जायचं. ओढणारी चाकं उचलून तरी न्यायची, नाहीतर अख्खी गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवायची. हो, न्यूट्रलमध्ये हळू, थोडं अंतर ओढलं तर चालतं असं काही गाड्यांच्या पुस्तकात असतं. पोरं पाच मिनिटं म्हणाली तरी एरंडोल थोडं अंतर नव्हतं.

गाडी उचलणाऱ्याची वाट बघत दीड-दोन तास बसले लिंबाखाली. पोरांनी जाताना त्यांच्याकडची थंड पाण्याची बाटली दिली आणि कलिंगडाची फोड. दोराला नाही म्हटलं तरी दिली. असो.

आता खरी मजा. उन्हात उभी राहून गाडी जरा निवली असेल तोवर उचलणारा आला. गाडी चढवण्याआधी मी सहज डी मध्ये टाकून पाहिलं आणि गाडी चालली! हे मी सर्व्हिस सेंटरमध्ये तीन जणांना सांगितलं. तापल्यावर ओढत नाही, निवल्यावर ओढते. तिघांनीही मान हलवली. जॉब कार्डवर लिहिलं, 'गिअरबॉक्स फेल्युअर'. स्कॅनर लावला का? लावू. तेल काढून पाहिलं का? "मॅडम, त्याचं तेल लाइफटाइम असतं." हे वाक्य मी त्या काउंटरवर दरवर्षी ऐकलेलं आहे. दरवर्षी विचारायचे, गिअरबॉक्सचं तेल बदलायचं का, आणि दरवर्षी हेच उत्तर.

पंचेचाळीस अंशांच्या जळगावात कोणतं तेल लाइफटाइम टिकतं हो? आपण भजीचं तेल तरी आयुष्यभर वापरतो का? या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये जोड आहे तीच मुळी तेलाची. त्या जोडाला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यात इंजिनाच्या जोरावर तेल भिरकावलं जातं आणि त्या तेलाच्या जोरावर पुढचा भाग फिरतो. आतल्या क्लच प्लेटा दाबून धरतं तेही तेलच, सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेच्या इशाऱ्यावर. तेल म्हातारं झालं किंवा फिल्टर चोंदला की दाब पडतो. दाब पडला की प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, आणि तापल्या की जळतात. एवढी साधी साखळी आहे. यासाठी घरात जेंट्स कशाला लागतो?

आणि खानदेशात आणखी एक पाप आपण सगळे मिळून करतो, ते म्हणजे बोअरचं पाणी. या प्रकारच्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्याच पोटात असतो. पेट्रोल पंपावरचं पोरगं कूलंटच्या जागी बोअरचं क्षारांचं पाणी ओततं, रेडिएटरमध्ये पांढरा थर धरतो, इंजिन थोडं गरम राहतं आणि गिअरबॉक्स त्याहून जास्त. इंजिनला काटा असतो म्हणून आपल्याला दिसतं तरी. गिअरबॉक्सला काटा नसतो. तो गुपचूप भाजत राहतो. माझ्या आधीच्या मालकाने किती बोअर पाजला असेल देव जाणे.

तर मागच्या आठवड्यात भाच्याने एका म्हाताऱ्या मिस्त्रीचा पत्ता काढला. बोर्ड नाही, पत्र्याची शेड. मी म्हटलं, हा तरी विचारेल घरी कोण आहे म्हणून. नाही. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, गरम झाल्यावर सोडते का थंड असतानापण सोडते?"

मला तिथेच त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

इंजिन गरम करून, चालू ठेवून, सपाट जागेवर पी (पार्किंग) मध्ये उभी करून त्याने गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी काढली आणि पांढऱ्या चिंधीवर पुसली. हे घरी कोणीही करू शकतं. फक्त काही कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन बंद करून बघायचं असतं आणि नव्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच नसते, तेव्हा आधी गाडीचं पुस्तक काढा. चिंधीवर डाग लालसर, स्वच्छ असेल तर ठीक. दुधाळ गुलाबी दिसला तर रेडिएटरचं पाणी आत शिरलंय, गाडी सुरूसुद्धा करू नका. माझा डाग काळपट तपकिरी होता, आणि तो वास, आखाजीच्या दुपारचाच.

मग खालचा पॅन उघडला. पॅनमध्ये लोहचुंबक असतात, चुरा धरून ठेवायला. मिस्त्रीने एक चुंबक माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर राखाडी, काजळीसारखा मऊ लेप होता. त्याने तो अंगठ्याने पुसला, बोटांत चोळला. "हे चालतं. कच लागली असती, तुकडे असते, तर मीच म्हटलं असतं, सोडा." फिल्टर मात्र पुरता चोंदलेला. पंपाला तेलच ओढता येत नव्हतं. म्हणून मैलोगणती चाललं, तापलं की दाब गेला आणि जरा थांबलं की परत आला. स्कॅनरमध्ये गिअर बदलणाऱ्या एका सोलेनॉइडच्या बिघाडाचा कोड निघाला तो वेगळाच.

फिल्टर, सोलेनॉइड, तेल, रेडिएटर साफ करणं. अडीच लाखांच्या जवळपासही नाही.

आता "पण" म्हणणारे येतील, म्हणून मीच म्हणते. प्लेटा थोड्या जळाल्या आहेतच, मिस्त्रीनेच सांगितलं. इतकं जुनं तेल काढून नवं भरल्यावर कधीकधी घसरण वाढते, हेही त्यानेच सांगितलं. "गॅरंटी नाही ताई, वरीस-दीड वरीस चालली तर चालली, नाहीतर मग पूर्ण खोलून प्लेटांचा किट टाकू." बरं. आणि हो, ऑटोमॅटिक जुनी घेऊ नये असं म्हणणारे अगदीच खोटं बोलत नाहीत, सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजाराकडे तोंड करून बसावं लागतं. मान्य. पुढे बोला.

माझं म्हणणं एवढंच आहे की उघडून तरी बघा! डॉक्टरने नाडी न बघता किडनी बदला म्हटलं तर आपण त्याच्या अंगावर धावून जाऊ. गाडीचं मात्र गपगुमान ऐकतो, कारण तिथे एसी असतो आणि कॉफी देतात.

आणि "ताई, हे नवं तंत्र आहे, आपल्याकडे कोणाला जमत नाही" हे तर ऐकूच नका. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेत १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाईलमध्ये विकत मिळत होता. माझ्या आईच्या वयाचं तंत्र आहे हे. नवं म्हणायचं तर एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल), जी आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आली. तिच्यात गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. सीव्हीटी वेगळी, तिच्यात गिअरच नसतात, पट्टा असतो, तिचं तेलही वेगळं. माझ्या गाडीचं तेल सीव्हीटीत ओतलं तर ती मरेल. आणि आपल्याकडे या सगळ्यांना एकच नाव, 'ऑटोमॅटिक', आणि एकच उपाय, 'विका'.

मुलगाही पुण्याहून हेच म्हणतो. "आई, गाडी विकून टाक. ड्रायव्हर ठेव." त्याचं प्रेम आहे, मला कळतं. पण ड्रायव्हर ठेवला की मी कुठे कधी जायचं ते ड्रायव्हरच्या सुट्टीवर ठरणार. लिंबाखाली बसले होते तेव्हा घामाने चिंब झाले होते, आईचे फोनवर फोन येत होते, खापरावरचे मांडे थंड होत होते, आणि तरी कुठेतरी बरं वाटत होतं. कोणाला विचारून निघाले नव्हते आणि अडकले तरी कोणाची बोलणी खायची नव्हती. संध्याकाळी दादा मोटारसायकलवर घ्यायला आला तेव्हा एकच वाक्य बोलला, "चल, आमरस उरलाय." अशी माणसं हवीत.

त्या फोनवाल्या पोराचा रागही आता जरा उतरलाय. त्याला वरून टार्गेट असणार, आणि जेंट्सचं वाक्य त्याला कोणीतरी शिकवलं असणार. शिकवणाऱ्याचा राग मात्र आहे तसाच आहे.

सोलेनॉइड मुंबईहून यायचाय. आला की मिस्त्री बसवेल, मग मी स्वतः पारोळ्यापर्यंत नेऊन बघणार आहे, उन्हातच, म्हणजे काय ते कळेल. तोवर 'विका'वाल्यांनी कमेंटमध्ये गर्दी करू नये. जळगाव-धुळ्याकडे खात्रीचा फ्लॅटबेडवाला कोणाला माहीत असेल तर नंबर इनबॉक्सला टाका. आखाजीला गाडी उचलायला आलेल्याने माझ्याकडून जे पैसे घेतले, तेवढ्यात मी माहेरी सगळ्यांना लुगडी नेसवली असती.