दंड अमेरिकेसारखा हवा, तर कारणही हवं

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, आणि पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. तेव्हापासून रस्त्यावरचा कुठलाही विषय निघाला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक वाक्य ठरलेलं असतं : "तुमच्या अमेरिकेत असतं तर सुटला नसता."

नसताच असं काही नाही. टेक्सासमध्ये २०१३ साली दारू पिऊन चौघांचा जीव घेणाऱ्या सोळा वर्षांच्या श्रीमंत मुलाला न्यायाधीशांनी तुरुंगात न धाडता दहा वर्षांच्या प्रोबेशनवर सोडलं होतं. पैसेवाल्यांची पोरं सगळीकडे सारखीच. इथला कायदा खरा अंगावर येतो तो दारू न प्यायलेल्या, कुणाला न धडकलेल्या, जरा घाईत असलेल्या माणसाच्या.

मी राहते त्या व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर काटा गेला, की रस्त्याची मर्यादा कितीही असो, तो 'रेकलेस ड्रायव्हिंग'चा गुन्हा होतो. मर्यादेपेक्षा वीस मैल जास्त असले तरी तोच. ८५ मैल म्हणजे साधारण १३७ किलोमीटर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर एवढ्या वेगात कॅमेऱ्यात सापडलात तर एक-दोन हजारांचं ई-चलान येतं आणि लोकअदालतीत कमी होऊन मिटेल या आशेवर पडून राहतं. इथे कमाल शिक्षा आहे बारा महिने तुरुंग आणि अडीच हजार डॉलर दंड. पहिल्या वेळेला सहसा कुणी आत जात नाही, पण जाऊ शकतं.

पोलीस हातात देतो तो कागद साध्या दंडाच्या पावतीसारखाच दिसतो, त्यामुळे नवखी मंडळी ऑनलाइन पैसे भरून मोकळी व्हायला बघतात. तसं होता येत नाही. कागदावर कोर्टाची तारीख असते आणि फिर्यादी असतं खुद्द व्हर्जिनिया राज्य. त्यावर सही करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, तारखेला हजर राहण्याचं ते वचन. दोषी ठरलात तर गुन्हेगारीची नोंद, जी पुढे नोकरीत आणि नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येते.

मग आठवडाभरात पत्रपेटी वकिलांच्या पत्रांनी भरते, कारण कोर्टाची यादी कुणालाही बघता येते. चांगला वकील सरकारी वकिलाशी बोलून 'रेकलेस'चं 'इम्प्रॉपर ड्रायव्हिंग' करून आणतो. त्यात तुरुंग नाही, जास्तीत जास्त पाचशे डॉलर दंड. आपल्याकडे तोडपाणी रस्त्यावर होतं, इथे कोर्टाच्या बाकावर, रीतसर आणि पावतीसकट. वकिलाची फी परवडत नसेल त्याचं काय, हा प्रश्न दोन्हीकडे तसाच राहतो.

शिवाय 'अमेरिकेचा कायदा' असा एक नाहीच. पन्नास राज्यांचे पन्नास दंडसंग्रह. पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवणं व्हर्जिनियात फौजदारी गुन्हा आहे. न्यू जर्सीत तीच गोष्ट वाहतुकीच्या नियमांचा भंग ठरते, ज्यूरीसुद्धा मिळत नाही. व्हिसावर आलेल्याला या भेदाचा उपयोग नाही. २०१५ पासून दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. निकालाची वाट बघितली जात नाही.

आता हक्कांचं. पुण्यात पोलिसाने हात केला की आपण शहाण्यासारखे उतरतो आणि कागदपत्रं घेऊन साहेबांपाशी जातो. इथे तसं उतरणं जिवावर बेतू शकतं. आत बसायचं, हात स्टिअरिंगवर. तो "उतरा" म्हणाला तर मात्र उतरावंच लागतं, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगून ठेवलंय. "का थांबवलं माहीत आहे का?" या प्रश्नाला आपला माणूस नम्रपणे "हो, जरा उशीर झाला होता" म्हणतो. झाला कबुलीजबाब! गप्प राहण्याचा हक्क असतो, पण रस्त्याकडेला तो वाचून दाखवायचं बंधन पोलिसावर नसतं. "डिकी बघू का?" यालाही आपण "बघा ना" म्हणतो. नाही म्हणता येतं, पण तेही तो सांगणार नाही. १९७३ च्या निकालानुसार सांगायची गरज नाही.

म्हणजे हक्क त्याचे, ज्याला ते आधीपासून पाठ आहेत. आणि पाठ असूनही कातडीचा रंग आड येतोच. २०२१ मध्ये मिनेसोटात डॉन्टे राइट या वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची गाडी थांबवली ती नोंदणीचा मुदत संपलेला स्टिकर आणि आरशाला लटकणारं एअर फ्रेशनर यावरून. अटक करताना तो पोलिसाच्या गोळीने मेला. व्हर्जिनियाने त्याच वर्षी, या घटनेच्या महिनाभर आधी, नुसत्या आरशावर लटकणाऱ्या वस्तूसाठी गाडी थांबवायला बंदी लागू केली. आमच्या आरशावरचा गणपती तेव्हापासून निर्धास्त आहे.

तरी एक गोष्ट इथली मला मोलाची वाटते. काहीही संशय नसताना, नुसतं लायसन्स बघायचं म्हणून वाटेल ती गाडी अडवता येत नाही. हा १९७९ चा निकाल. त्याला पळवाटा पुष्कळ आहेत. कित्येक राज्यांत फुटका टेललाइटही कारण म्हणून चालतो. पण कारण लागतं, आणि नंतर कोर्टात ते टिकावं लागतं. नाही टिकलं तर गाडीत सापडलेला पुरावाही बाद होऊ शकतो.

आपण २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्याचे दंड वाढवले. दारू पिऊन चालवल्यास पहिल्या वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ते वाढवायलाच हवे होते, आणि नाकाबंदीत मुंबईत दारुडे चालक सापडतात हेही खरं. पण अडवण्याचं कारण विचारणारा अजून 'जास्त शहाणा' ठरतो. अटक करताना कारण सांगायचं, हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे. शिट्टी फुंकून गाडी बाजूला घेतली जाते तेव्हा मात्र हे कुणी मागत नाही, आणि ग्रुपवरच्या ज्या मंडळींना अमेरिकन शिक्षा हवी आहे त्यांनीही कधी मागितलेलं नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून पोलिसाने चौकशीचा कुठलाही प्रश्न विचारायच्या आधी गाडी का थांबवली ते सांगायचं असा कायदा आहे. हा महाराष्ट्राने परिपत्रक काढून जसाच्या तसा उचलावा. ई-चलानाच्या यंत्रात गुन्ह्याची नोंद करावीच लागते; तीच आधी तोंडाने सांगायची, खर्च शून्य. आणि चालकाच्या अंगावरून हात घालून गाडीची चावी काढून घ्यायची नाही, हे त्याच परिपत्रकात दुसऱ्या ओळीत.