सेवामुक्तीच्या कागदावरचा शेरा

अग्निवीरांच्या ‘अग्निपथ’ योजनेवर महाराष्ट्रात चालू असलेली चर्चा मी अमेरिकेतून नियमित वाचतो. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या या योजनेनुसार जवानाने चार वर्षे सेवा करायची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना कायम ठेवायचे आणि उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी देऊन निरोप द्यायचा. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या ज्या गावांत पेन्शन आलेला फौजी हा घराचा आधार मानला जातो, तिथे या योजनेने उठवलेले प्रश्न स्वाभाविक आहेत: पेन्शन नाही, पुढे नोकरी कोणती, पंचविशीच्या आत घरी परतलेल्या मुलाचे करायचे काय. मात्र एक प्रश्न मला या चर्चेत फारसा आढळत नाही. सैन्यातून बाहेर पडताना त्या मुलाच्या हाती जो कागद येईल त्यावर त्याच्या वर्तनाविषयी काय लिहिलेले असेल, आणि ते अन्यायाचे असेल तर ते दुरुस्त कोण करील?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण मी राहतो त्या देशात चार-पाच वर्षांची लष्करी सेवा करून विशीतच नागरी जीवनात परतणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि परतणाऱ्या प्रत्येकाचे पुढचे आयुष्य ‘डीडी-२१४’ नावाच्या एका कागदावर बरेचसे अवलंबून असते. त्यावर सेवेचा दर्जा नोंदलेला असतो. सन्मानपूर्वक सेवामुक्ती हा सर्वांत वरचा दर्जा. त्याखाली सर्वसाधारण, मग सन्मानाखेरीज अन्य परिस्थितीतील, आणि तळाशी लष्करी न्यायालयाने शिक्षा म्हणून दिलेली सेवामुक्ती. त्याच कागदावर पुनर्भरतीचा एक संकेतांक असतो. तो १ असेल तर दार उघडे, तीन असेल तर विशेष सूट मिळाल्यासच प्रवेश, आणि चार असेल तर दार बहुधा कायमचे बंद.

माझ्या परिचयाच्या एका माजी सैनिकाच्या कागदावर ‘सर्वसाधारण’ हा दर्जा आणि चारचा आकडा आहे. इराकमधून परतल्यावर त्याची झोप गेली, दारू वाढली, दोन-तीन वेळा तो हजेरीला पोहोचला नाही, आणि गैरवर्तनाच्या शेऱ्यासह त्याला घरी पाठवण्यात आले. युद्धाने त्याच्या मनावर केलेल्या आघाताचे निदान त्यानंतर काही वर्षांनी झाले. ‘सर्वसाधारण’ म्हणजे तसे वाईट नव्हे, असे त्याला तेव्हा सांगितले गेले होते. परंतु ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सेवा केलेल्यांसाठी सरकार उच्च शिक्षणाचा जो खर्च उचलते, त्यासाठी पूर्ण सन्मानाचाच दर्जा लागतो, हे त्याला महाविद्यालयात प्रवेश घेताना समजले. तरीही त्याचे मुख्य दुःख शिक्षणाचे नाही. बरा झाल्यावर त्याला पुन्हा गणवेश घालायचा होता, आणि तो आकडा आड आला. त्याच्या अर्जासाठी जुनी वैद्यकीय कागदपत्रे तारखेनुसार लावून देण्याचे काम मी केले, म्हणून ही प्रक्रिया मला जवळून पाहायला मिळाली.

अशा अर्जांसाठी अमेरिकेत दोन प्रकारची मंडळे आहेत. सेवामुक्तीचा फेरविचार करणारी मंडळे दुसरे महायुद्ध संपण्याआधीच, १९४४ च्या कायद्याने निर्माण झाली. त्यांच्याकडे सेवामुक्तीपासून १५ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. लष्करी नोंदी दुरुस्त करणारी मंडळे १९४६ च्या कायद्याने आली, कारण तोपर्यंत एकेका सैनिकाच्या नोंदीसाठी संसदेत स्वतंत्र विधेयके येत असत आणि त्या कामाने संसद बेजार झाली होती. या दुसऱ्या मंडळांकडे चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत जायचे असते. पण न्यायासाठी आवश्यक वाटल्यास ही मुदत माफ होते, आणि व्हिएतनाम युद्धातील सैनिकांचे अर्ज अनेक दशकांनंतरही विचारात घेतले गेले आहेत. अर्जाला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. दर्जा सुधारला म्हणजे संकेतांक आपोआप बदलतो, असे मात्र नाही. त्याची मागणी वेगळी करावी लागते, तिच्यासाठी वेगळी कारणे द्यावी लागतात, आणि नौदलाचे फेरविचार मंडळ तर केवळ पुनर्भरती सुकर व्हावी म्हणून तो बदलत नाही. ज्याला परत भरती व्हायचे आहे त्याने हे अर्ज भरण्यापूर्वीच जाणून घेतले पाहिजे.

ही व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. सरकारने जे केले ते नियमानुसारच केले असणार, या गृहीतापासून मंडळाचे काम सुरू होते आणि चूक किंवा अन्याय सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. मनाने खचलेल्या माणसाला हा भार पेलणे किती अवघड जाते, हे मी पाहिले आहे. पण सरकारलाही इथे उशिरा का होईना शहाणपण आले. स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले संरक्षणमंत्री चक हेगल यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये मंडळांना आदेश दिला की, युद्धजन्य मानसिक आघाताचा मुद्दा असलेल्या अर्जांकडे उदारपणे पाहावे. २०१७ च्या मार्गदर्शनाने ही भूमिका मेंदूची दुखापत आणि सैन्यातील लैंगिक अत्याचार यांच्यासंदर्भातही स्पष्ट केली. त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दिलेली आकडेवारी मला विसरता येत नाही. २०११ ते २०१५ या आर्थिक वर्षांत गैरवर्तनासाठी काढलेल्या ९१,७६४ जणांपैकी ५७,१४१ जणांना, म्हणजे ६२ टक्क्यांना, त्याआधीच्या दोन वर्षांत मानसिक आघात, मेंदूची दुखापत किंवा तत्सम विकाराचे निदान झालेले होते. म्हणजे आजाराची नोंद सैन्याच्याच दवाखान्यात होती आणि शिक्षेची नोंद सैन्याच्याच कचेरीत.

आता आपल्याकडे पाहू. भारतीय सैन्यातही लाल शाईच्या, म्हणजे शिक्षेच्या, नोंदी असतात, डिस्चार्ज बुकात वर्तनाचा शेरा असतो, आणि लष्करी आस्थापनांची राखण करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरती होऊ पाहणाऱ्या माजी सैनिकाचा तो शेरा तपासला जातो. चार लाल नोंदी झाल्या की जवानाला यांत्रिकपणे घरी पाठवण्याच्या प्रथेला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात चाप लावला. आधी चौकशी व्हावी, अपराधाचे स्वरूप पाहावे, जवानाने खडतर ठाण्यांवर काढलेला काळ आणि पेन्शनला उरलेली वर्षे विचारात घ्यावीत, असे न्यायालयाने बजावले. हा निकाल मोलाचा आहे. परंतु तिथवर पोहोचण्याचा मार्ग खटल्याचा आहे: आधी सैन्यांतर्गत तक्रार, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, ज्याचे एक न्यायपीठ मुंबईत आहे आणि जिथे अंतिम आदेशापासून साधारणपणे सहा महिन्यांत जावे लागते. विलंब माफ होऊ शकतो, पण त्याचीही बाजू मांडावी लागते. माण-खटावच्या तेवीस वर्षांच्या मुलाने वकील शोधावा, त्याची फी भरावी आणि मुंबईच्या खेपा घालाव्यात, ही अपेक्षा मला वाजवी वाटत नाही.

पंधरा-सतरा वर्षे नोकरी करणाऱ्या जवानाला एखादी वाईट नोंद चांगल्या सेवेने मागे टाकण्यास वेळ मिळत असे. चार वर्षांत तो वेळ नाही. ज्या मूल्यमापनावर २५ टक्क्यांत निवड होणार, त्यात एका रागीट वरिष्ठाचा किंवा एका वाईट महिन्याचा परिणाम मोठा असणार. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी जागा राखीव ठेवल्या आहेत हे चांगलेच आहे. पण त्या जागेच्या भरतीला तो हाच कागद घेऊन जाणार.

शेरे मागाहून बदलता येऊ लागले तर शिस्त ढिली पडेल, असा आक्षेप मला माझ्याच नात्यातील निवृत्त सुभेदारांकडून ऐकायला मिळाला आहे आणि त्यामागचा त्यांचा अनुभव मी मानतो. तरीही ज्या देशाने १९४४ पासून ही दारे उघडी ठेवली, त्याच्या सैन्याची शिस्त त्यामुळे मोडलेली दिसत नाही. बरेचसे अर्ज फेटाळलेही जातात. सैनिकाला हवी असते ती दुसऱ्यांदा, शांतपणे, आजाराचे कागद समोर ठेवून विचार होण्याची संधी.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होऊ लागतात. तोपर्यंत संरक्षण मंत्रालयाने न्यायाधिकरणाकडे जाण्याआधीच्या टप्प्यावर एक नोंद-दुरुस्ती मंडळ नेमावे, त्यात मानसोपचारतज्ज्ञ असावा, अर्ज मराठीसह भारतीय भाषांत आणि विनाशुल्क असावा, मुदत महिन्यांऐवजी वर्षांत मोजावी आणि अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वीकारले जावेत. महाराष्ट्रातील खासदारांनी पेन्शनच्या मागणीबरोबर ही मागणीही संसदेत मांडावी.