मेथी आणि मचाण

हरीण कसं मारायचं हे मला अजून माहीत नाही. जमिनीपासून अठरा फुटांवर बसून डास कसा मारायचा नाही, हे मात्र सप्टेंबरातल्या एका शनिवारी मी पुरतं शिकलो.

सुरुवात झाली बायकोच्या भेंडीपासून. आम्ही राहतो अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या जवळ. गेल्या उन्हाळ्यात परसातली भेंडी, टोमॅटो, वाल, सगळं हरणांनी फस्त केलं. मेथीच्या वाफ्याला मात्र तोंडही लावलं नाही. (शहाण्या माणसाने यातून तेव्हाच काहीतरी घेतलं असतं.) कुंपणापाशी माझं गाऱ्हाणं ऐकून शेजारी म्हणाला, "मग चल माझ्याबरोबर. 15 सप्टेंबरच्या आगेमागे जो शनिवार येईल, त्या दिवशी धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होतो." बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरात, तोही नऊच दिवस, आणि थंडी अशी की नाकातलं पाणी गोठतं. सप्टेंबर कसा, सुखाचा!

बायको एवढंच म्हणाली, "अहो, जायचं तर जा. पण माझ्या फ्रीजमध्ये काही यायचं नाही."

परवान्यातच पहिली माशी शिंकली. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीचा कोर्स करावा लागतो. माझा जन्म 4 जानेवारी 1973चा. चंद्रपूरला फोन करून आईला सांगितलं, तर म्हणाली, "डॉक्टरने नाताळातली तारीख दिली होती. तुलाच घाई नव्हती." शेवटी शिकाऊ परवाना काढला. त्यात गुरूने शिष्याच्या हाताच्या अंतरावर राहायचं असतं. म्हणून दोघांचं, शिडीचं मचाण आलं. त्यावरची बैठक एसटीच्या दोघांच्या बाकाएवढी, फक्त टेकायला ओक आणि पाय लोंबकळत.

धनुष्य कप्प्यांचं, म्हणजे टोकांना दोरीची चाकं बसवलेलं. मिसुरीच्या अ‍ॅलन नावाच्या गृहस्थांना त्याचं पेटंट 1969 साली मिळालं, आणि माझ्यासारख्यांवर त्यांचे फार उपकार आहेत. दोरी ओढताना पन्नास पौंडांचा जोर लावावा लागतो, पण पूर्ण ताणली की कप्प्या फिरतात आणि हातावर उरतात जेमतेम दहा पौंड. शिवधनुष्य असं असतं तर स्वयंवराला गर्दी आवरली नसती. दोन महिने परसात सराव केला. वीस यार्डांवरून बाण बहुतेक वेळा लक्ष्याला लागायचा, उरलेल्या वेळी वालाच्या मांडवाला.

खरं प्रकरण होतं वासाचं. शेजाऱ्याने सांगितलं, हरणाचे डोळे चुकवता येतात, कान चुकवता येतात, नाक नाही. म्हणून बिनवासाचा साबण, बिनवासाची पावडर, कपडे दोरीवर वाळवून झाकणाच्या डब्यात. फोडणीच्या वेळी ते कपडे घरात आणायचे नाहीत ही सूचना मी तंतोतंत पाळली. आंघोळ केली, तीही दोनदा. त्याआधी दुपारी पोटभर जेवलो होतो: भाकरी आणि वाफ्यातल्या मेथीची भाजी. चार तास तोंड बंद ठेवायचं, म्हणजे आधी पोट गच्च भरलेलं बरं.

चारला मचाणावर चढलो, पट्टे आवळले. तापमान 29 अंश. डोक्यापासून पायापर्यंत पानापानांचे लांब बाह्यांचे कपडे, तोंडावर जाळी. मचाण मला नवीन नव्हतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात पाणवठ्यावर प्राणी मोजायला मी बसलेलो आहे. पण तिथे जनावर दिसलं की कागदावर रेघ मारायची आणि डब्यातला चिवडा खायचा. इथे चिवड्याला बंदी. खोकल्याला बंदी. जाळीच्या आत शिरलेला डास डाव्या भुवईवर बसला, जेवला, विश्रांती घेतली, पुन्हा जेवला. मी फक्त बघत राहिलो. तेही एका डोळ्याने, कारण दुसऱ्यावर तो होता.

शेजारी अधूनमधून बाटलीतली पावडर फुर्रकन उडवून हवा पाही. उन्हात तापलेली हवा उताराने वर चढते, संध्याकाळी गार झाली की ओघळून खाली उतरते. आम्ही बसलो होतो उतारावर. खाली पांढऱ्या ओकची फळं गळत होती, आणि सप्टेंबरात त्यांच्यावर हरणांचा भारी जीव.

साडेपाचला शेजाऱ्याने नाक उडवलं. कानात म्हणाला, "मेपल सिरपचा वास येतोय?" त्या सिरपसाठी मेपलच्या झाडाचा रस काढतात मार्चमध्ये. मी मान हलवली. घामाची धार पाठीवरून पट्ट्यापर्यंत पोचली होती.

साडेसहाला हवा उतरू लागली आणि ती आली. मादी, मागे दोन पाडसं. पस्तीस यार्ड, तीस, पंचवीस. माझी छाती ढोलासारखी. शेजाऱ्याने गुडघा दाबला: थांब. मादीने मान वर केली, नाक आमच्याकडे. पुढचा खूर आपटला. पुन्हा आपटला. मग जोरात "फुर्र!" आणि तीन पांढऱ्या शेपट्या झेंड्यांसारख्या उभ्या करून सगळं कुटुंब पसार. धनुष्य मांडीवरच होतं. भुवईवरचा डास मात्र मी तेव्हा मारला.

उलगडा लेकीने केला. ती बायोकेमिस्ट्री शिकते. मेथीत सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, ते घामातून बाहेर पडतं, आणि त्याचा वास थेट मेपल सिरपसारखा. दोनदा आंघोळ करून मी आतून दरवळत होतो.

शेजाऱ्याला हे सांगायचं कसं, या विचारात आठवडा गेला. पुढच्या शनिवारी तो एकटाच गेला. संध्याकाळी मी सहज बायकोला विचारलं, "वाफ्यातली मेथी एकदम संपली कशी?"

"काल पराठे केले ना. त्याच्याकडेही सहा पाठवले. फार आवडले म्हणे, सगळे एकट्यानेच संपवले."

सात वाजता फोनवर त्याचा मेसेज आला. एकच शब्द होता: "फुर्र."