मागचा तपकिरी दगड चिकटवलेला नाही

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू रुमालात गुंडाळलेली अंगठी घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आल्या. लेकीने ब्रिस्बेनहून पाठवलेली, बोल्डर ओपल या रंगीबेरंगी खड्याची. सोबत मोबाइलवर फिरत आलेला एक मेसेज होता. ‘ओपल घेताना सावधान! खड्यामागे तपकिरी दगड दिसला तर तो चिकटवलेला, म्हणजे खडा नकली. वेडावाकडा आकार म्हणजे उरलेला तुकडा. खात्रीसाठी रात्रभर पाण्यात ठेवा. खरा असेल तर दर महिन्याला तेल लावा, नाहीतर तडकतो.’ काकूंनी सगळं करून पाहिलं होतं. अंगठीला खोबरेल तेलाचा वास येत होता. लेक परदेशात फसली, असं धरून चार दिवस त्या तिच्याशी धड बोलल्याही नव्हत्या.

हाच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवला आहे. खडे घासण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही.

आधी मागच्या दगडाचं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात विंटन, क्विल्पी, योवा या भागांत लोहयुक्त दगडाचे गोटे सापडतात. त्याला आयर्नस्टोन म्हणतात. रंगाने आपल्या जांभ्याच्या जवळचा, पण बराच घट्ट. भूजलात विरघळलेली सिलिका या गोट्यांच्या भेगांत शिरली, साकळली आणि तिथेच ओपल झाली. हाच बोल्डर ओपल: ओपल आणि दगड मुळातच एकत्र आहेत, मध्ये डिंक नाही. भेग अरुंद असल्याने ओपलचा थर अनेकदा जेमतेम एखाद-दोन मिलिमीटरचा असतो. तो दगडापासून सोडवायला गेलं तर हातात काही उरणार नाही, म्हणून कारागीर दगड मुद्दाम ठेवतो. शिवाय मागची गडद पाठ इकडून तिकडून येणारा प्रकाश गिळते आणि हिरवा, निळा, लाल रंग उठून दिसतो. ज्या दगडाला मेसेज खोट म्हणतो, त्याच्यामुळेच हा खडा इतका देखणा आहे.

चिकटवलेले ओपल बाजारात आहेत, हे खरं. त्यांना डब्लेट म्हणतात, आणि ओपलची पातळ चकती आयर्नस्टोनवरच चिकटवलेलीही मिळते. म्हणून खडा बाजूने बघायचा. काकूंना मी दहापट भिंग दिलं आणि अंगठी आडवी धरायला सांगितली. ओपलची कड सरळ नव्हती. कुठे जाड, कुठे बारीक, आणि एका ठिकाणी निळी रेघ थेट दगडात उतरलेली. चिकटवलेल्या खड्यात सांधा बहुधा पट्टीने आखल्यासारखा सरळ असतो, कधी त्यात हवेचे बुडबुडेही दिसतात. मात्र कोंदणाने कड पूर्ण झाकली असेल तर नुसत्या नजरेने निकाल देऊ नये, रत्नपरीक्षकाकडे जावं.

वेड्यावाकड्या आकाराबद्दल तर मला फार वाटतं, कारण या खड्याचं सगळं कसब तिथेच आहे. गोटा कापला की बाजूने ओपलची एक रेघ दिसते. ती रेघ लाटेसारखी वरखाली जाते. कारागीर हिऱ्याच्या चाकावर, पाणी सोडत, वरचा दगड घासत घासत रंगापर्यंत पोचतो आणि थांबतो. हे थांबणंच अवघड. एक हात जास्त फिरला तर रंग गेला, खाली नुसतं लोखंडी तपकिरी. ठरावीक लंबगोल काढायचा म्हटलं तर लाटेचे उंचवटे कापले जातील, म्हणून वरची बाजू थरासोबत वळते आणि कडा जिथे रंग संपतो तिथे संपतात. कधी गोटा नेमका ओपलच्या थरातून दुभंगतो आणि दोन्ही तुकड्यांवर एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटावी असे रंग निघतात. कानातल्यांना तशी जोडी मिळाली तर भाग्यच. वजनावर मात्र जाऊ नका. कॅरेटमध्ये दगडाचं वजनही आलंच, म्हणून चांगला बोल्डर ओपल नगावर विकला जातो.

असा खडा तयार साच्याच्या अंगठीत बसत नाही. चार टोकांवर पकडला तर सगळा दाब चार जागी येतो आणि ओपल दाबाला कच्चा. पातळ सोन्याची पट्टी खड्याच्या कडेकडेने वळवून केलेलं कोंदणच त्याला हवं. आणि अंगठी लहानमोठी करायची असेल तर सोनाराला खडा आधी काढायला सांगाच. ज्योतीच्या उष्णतेने ओपल तडकतो, आणि तो तडा परत सांधता येत नाही.

पाण्याच्या परीक्षेने काहीच सिद्ध होत नाही. बोल्डर ओपल रात्रभर पाण्यात जसा होता तसाच राहतो. चिकटवलेल्या खड्याचा डिंक भिजून पुढे धुरकट होऊ शकतो. आणि इथिओपियातल्या वेलो भागातला ओपल पाणी शोषून पारदर्शक होतो, रंग काही काळ दिसेनासा होतो. तो खरा ओपल असतो, पण मेसेज वाचणारा त्याला काच समजून टाकून देईल.

तेलाचंही तसंच. ओपलमध्ये साधारण 6 ते 10 टक्के पाणी असतं, हे बरोबर. पण ते आतलं आहे. क्वीन्सलँडच्या ओपलमध्ये बाहेरून तेल मुरत नाही. वर चिकट थर बसतो आणि दगडाच्या बारीक भेगांत धूळ धरते. ओपल तडकतो तो अचानक तापण्या-गार होण्याने किंवा ठोक्याने. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, एवढं पुरे. ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रात किंवा वाफेखाली घालू नका. आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका, आधी धुवा: मोह्सच्या मापावर ओपलचा कठीणपणा 5.5 ते 6.5, धुळीतल्या क्वार्ट्झचा, म्हणजे गारेच्या कणांचा 7, म्हणून ओरखडे ओपलवरच पडतात.

काकूंच्या अंगठीवरचं तेल निघायला दोनदा साबण लागला. मग त्यांनी माझ्याच टेबलाशी बसून लेकीला फोन लावला. ब्रिस्बेनला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते.